बांधकामाची वाहने आणि यंत्रे जीपीएसने कशी सांभाळावीत : गोव्यातील नव्या कंत्राटदारांसाठी मार्गदर्शन

बांधकामाच्या धंद्यात सिमेंट आणि सळई यांचा हिशेब प्रत्येकजण काटेकोर ठेवतो, पण यंत्रांच्या तासांचा आणि डिझेलचा हिशेब मात्र अनेक ठिकाणी अजूनही ऑपरेटरने संध्याकाळी भरलेल्या लॉगशीटवरच चालतो. एक पोकलेन वेर्ण्याला, एक जेसीबी फोंड्याला, टिपर खडीसाठी धारबांदोड्याकडे आणि रोलर पेडण्यात, अशी यंत्रे विखुरलेली असली की मालकाला किंवा सुपरवायझरला प्रत्येक ठिकाणी रोज जाणे शक्य नसते. जीपीएस ट्रॅकिंग ही उणीव भरून काढते. मात्र उपकरण बसवले आणि मोबाइलवर नकाशा दिसू लागला म्हणजे काम झाले, असे समजून जे थांबतात त्यांना वर्षअखेरीस त्यातून काहीच हाती लागत नाही. यंत्र कुठे आहे हे कळण्यापेक्षा ते किती तास खरोखर राबले आणि त्यासाठी किती डिझेल लागले हे कळणे जास्त मोलाचे आहे, आणि या लेखातील सगळी मांडणी त्याच दृष्टीने केली आहे.

आधी यादी, मग खरेदी

विक्रेत्याला फोन करण्यापूर्वी आपल्याकडील सर्व यंत्रांची एक नोंदवही तयार करावी. तीत प्रत्येक यंत्राचा नोंदणी क्रमांक किंवा चॅसिस क्रमांक, बॅटरी १२ व्होल्टची की २४ व्होल्टची, डिझेल टाकीची क्षमता, अवर मीटरचे (यंत्र किती तास चालले हे दाखवणाऱ्या मीटरचे) आजचे रीडिंग, यंत्र स्वतःचे की भाड्याचे आणि ते सध्या कोणत्या साइटवर आहे, एवढे तरी असावे. जेसीबीसारख्या बॅकहो लोडरमध्ये साधारणपणे १२ व्होल्टची यंत्रणा असते, तर पोकलेन आणि मोठे टिपर बहुतेक २४ व्होल्टवर चालतात. त्यामुळे दोन्हींवर चालणारे उपकरण घेतले तर पुढे ते एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर बसवता येते. अवर मीटर बंद पडलेले एखादे यंत्र या यादीत हमखास सापडते. ते मीटर आधी दुरुस्त करून घ्यावे, कारण ट्रॅकरने दाखवलेले तास पडताळण्यासाठी सुरुवातीला तेच एक साधन हाताशी असते.

यादी झाल्यावर आपल्याला नेमका कोणता प्रश्न सोडवायचा आहे हे ठरवावे. टिपरच्या ट्रिपा मोजायच्या असतील तर साधा जीपीएस आणि जिओफेन्स, म्हणजे नकाशावर आखलेली आभासी सीमा, पुरतो. भाड्याच्या जेसीबीचे तास तपासायचे असतील तर इंजिन खरोखर चालू आहे की नाही हे ओळखणारे उपकरण हवे. डिझेल गळत असल्याचा संशय असेल तर टाकीत सेन्सर बसवल्याशिवाय गत्यंतर नाही. तिन्ही गोष्टी एकदम आणि सगळ्या यंत्रांवर सुरू करण्यापेक्षा एका साइटवरची चार-पाच यंत्रे घेऊन महिनाभर चालवून पाहावे, आणि त्या महिन्यात माणसांना अहवाल वाचण्याची सवय लागू द्यावी.

नवीन यंत्र घेतले असेल तर त्यात कंपनीचीच ट्रॅकिंग व्यवस्था असण्याची शक्यता मोठी आहे. जेसीबीची लाइव्हलिंक, कोमात्सूची कोमट्रॅक्स, कॅटरपिलरची प्रॉडक्ट लिंक, टाटा मोटर्सची फ्लीट एज या त्यातल्या परिचित व्यवस्था आहेत. ही माहिती थेट इंजिनाच्या नियंत्रकाकडून येत असल्यामुळे बाहेरून बसवलेल्या उपकरणापेक्षा ती बहुधा अधिक विश्वसनीय असते, पण यंत्रे वेगवेगळ्या कंपन्यांची असली की प्रत्येकाचे वेगळे ॲप उघडावे लागते. ही अडचण दूर करण्यासाठी आयएसओ १५१४३-३ हे मानक आहे. त्यानुसार निरनिराळ्या कंपन्यांची माहिती एका ठिकाणी आणता येते. म्हणून बाहेरचे सॉफ्टवेअर घेताना ते या मानकानुसार माहिती स्वीकारते का, हा प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावा.

उपकरण काय करते

ट्रॅकरमध्ये मुख्यतः तीन भाग असतात : उपग्रहांचे संकेत घेणारा रिसीव्हर, मोबाइल नेटवर्कवरून माहिती पाठवणारा मोडेम व त्याचे सिम, आणि वीज तुटली तरी काही काळ चालणारी आतली लहान बॅटरी. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. इस्रोच्या नाविक प्रणालीचे संकेत घेणारी उपकरणेही आता बाजारात मिळतात. मोकळ्या आकाशाखाली ठिकाण काही मीटरच्या फरकाने बरोबर येते. मात्र पर्वरीच्या उन्नत मार्गाच्या खांबांखाली, खडीच्या खाणीत उभ्या कड्याला लागून किंवा घाटातील कापलेल्या डोंगराशेजारी संकेत आदळून येतात आणि उभे असलेले यंत्रसुद्धा नकाशावर इकडेतिकडे सरकताना दिसते. अशा खोट्या हालचालीचे किलोमीटर साठत जातात. इंजिन बंद असताना ठिकाण गोठवून ठेवण्याची सोय बहुतेक उपकरणांत असते, ती बसवणाऱ्याकडून सुरू करून घ्यावी.

नेटवर्कचा विचार गोव्यात विशेष करावा लागतो. पणजी, मडगाव, म्हापसा या पट्ट्यात अडचण येत नाही, पण सत्तरीच्या आतल्या भागात, मोलेच्या जंगलातून अनमोडकडे चढताना किंवा सांगे-केपेच्या काही गावांत मोबाइलचा संकेत तुटतो. चांगले उपकरण अशा वेळी माहिती स्वतःच्या मेमरीत साठवते आणि संकेत मिळाल्यावर ती एकदम पाठवते. म्हणजे अहवाल शेवटी पूर्ण मिळतो, परंतु त्या भागातील धोक्याची सूचना मात्र उशिरा येते. ज्या गावात काम चालणार आहे तिथे कोणत्या कंपनीचे नेटवर्क चालते हे साइटवर उभे राहून पाहावे आणि त्यानुसार सिम मागावे. ट्रॅकरसाठी वापरली जाणारी एम-टू-एम (यंत्राकडून यंत्राकडे माहिती पाठवणारी) सिमे १३ अंकी क्रमांकाची असतात. ती कोणाच्या नावावर आहेत, वार्षिक नूतनीकरण कोण करणार आणि विक्रेता बदलला तर सिम आपल्याकडे राहणार का, हे लेखी घ्यावे. सिमचे नूतनीकरण राहून गेल्यामुळे सगळी व्यवस्था एका रात्रीत बंद पडल्याची उदाहरणे या व्यवसायात नवीन नाहीत.

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एआयएस १४० हे वाहनांतील ट्रॅकिंग उपकरणांचे मानक मुख्यतः प्रवासी वाहतुकीच्या सार्वजनिक वाहनांसाठी सक्तीचे झाले. आपल्या पोकलेनला किंवा रोलरला ते त्याच कारणाने लागू होत नाही. मात्र टिपर खनिज वाहतुकीला लावायचा असेल तर खाण खात्याच्या ट्रॅकिंगविषयीच्या अटी पाळाव्या लागतात, म्हणून तशी शक्यता असल्यास खात्याकडे चौकशी करूनच उपकरण निवडावे, नाहीतर एकाच गाडीवर दोन उपकरणे बसवण्याची वेळ येते.

बसवताना कुठे लक्ष द्यावे

उपकरण बसवण्याचे काम तासाभराचे असते, पण पुढच्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा याच तासाभरात असते. त्यामुळे त्या वेळी आपला मेकॅनिक किंवा इलेक्ट्रिशियन शेजारी उभा असावा.

उपकरणाला किमान तीन तारा जातात : बॅटरीची धन तार, अर्थिंग आणि इग्निशनची (चावीची) तार. धन तारेत दोन-तीन अँपिअरचा फ्यूज टाकलाच पाहिजे. तो नसेल तर तार घासून शॉर्ट होताच संपूर्ण वायरिंग जळू शकते. यंत्राला बॅटरी तोडण्याचा मुख्य स्विच असेल, तर उपकरणाची तार त्या स्विचच्या अलीकडे जोडायची की पलीकडे, हे विचारपूर्वक ठरवावे. थेट बॅटरीला जोडल्यास उपकरण सतत जागे राहते आणि चोरीची सूचना मिळते, पण यंत्र आठवडेच्या आठवडे उभे राहिल्यास बॅटरी हळूहळू उतरते. स्विचच्या पलीकडे जोडल्यास बॅटरी वाचते, मात्र स्विच बंद होताच उपकरण आतल्या बॅटरीवर जाते आणि काही तासांनी झोपी जाते. रात्री राखण नसलेल्या साइटवरील यंत्रासाठी थेट जोडणी करून उपकरण कमी विजेवर चालण्याच्या मोडमध्ये ठेवणे मला योग्य वाटते.

उपकरणाचा अँटेना आकाशाकडे तोंड करून असावा आणि त्याच्यावर लोखंडी पत्रा नसावा; काच, फायबर किंवा प्लास्टिक चालते. टिपरमध्ये डॅशबोर्डच्या आत, जेसीबीत कॅबिनच्या छतातील अस्तराखाली अशी जागा मिळते. गोव्यातील पाऊस आणि खारी हवा यांचा परिणाम उपकरणाच्या डब्यापेक्षा त्याच्या जोडांवर आधी होतो. आयपी६७ दर्जाचा डबा एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो, पण तारा पिळून वर नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली असेल तर पहिल्याच पावसाळ्यात तांबे हिरवे पडते आणि इग्निशनचा संकेत तुटक येऊ लागतो. जोड सोल्डर करून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी आणि कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक (वीज वाहू न देणारे) ग्रीस भरावे. यंत्र प्रेशरच्या पाण्याने धुताना त्या बाजूला फवारा मारू नये, अशी सूचना धुणाऱ्यालाही द्यावी.

आणखी एक गोष्ट साइटवर फार वेळा विसरली जाते. बकेटला तडा गेला किंवा दात झिजले की यंत्रावरच वेल्डिंग केले जाते. अशा वेळी बॅटरीबरोबर ट्रॅकरचा कनेक्टरही काढून ठेवावा, कारण वेल्डिंगचा प्रवाह यंत्राच्या सांगाड्यातून फिरतो आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग त्यात जळतात.

इंजिन दुरून बंद करणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, विक्रेते आग्रहाने सुचवतात. तो बसवू नये असे नाही, पण चालत्या वाहनाचे इंजिन बंद करण्याची मुभा कोणालाही, अगदी मालकालाही, असू नये. भरलेला टिपर उतारावर असताना इंजिन बंद पडले तर पॉवर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची हवा पुन्हा भरत नाही. एकदा थांबलेले यंत्र पुन्हा सुरू होऊ द्यायचे नाही, एवढ्यापुरताच रिलेचा वापर मर्यादित ठेवून घ्यावा.

इंजिनाचे तास नीट मोजणे

चावी फिरवलेली असणे, इंजिन चालू असणे आणि यंत्र काम करत असणे या तीन वेगळ्या अवस्था आहेत, आणि नवख्या माणसाची सर्वाधिक फसगत इथे होते. इग्निशनच्या तारेवरून फक्त पहिली अवस्था कळते. ऑपरेटर चावी चालू ठेवून गाणी ऐकत बसला तरी ते तास मोजले जातात. इंजिन चालू असल्याचे व्होल्टेजवरून ओळखता येते, कारण बॅटरी भरणारा अल्टरनेटर फिरू लागला की १२ व्होल्टच्या यंत्रात विद्युतदाब साधारण १४ व्होल्टपर्यंत आणि २४ व्होल्टच्या यंत्रात २८ व्होल्टच्या आसपास चढतो. ही मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये भरून घ्यावी. तिसरी अवस्था ओळखण्यासाठी पोकलेनच्या हायड्रॉलिक लाइनवर प्रेशर स्विच बसवतात, किंवा उपकरणातील कंपन मोजणाऱ्या भागाचा आधार घेतात. टिपरची बॉडी उचलली की संकेत देणारा साधा स्विच मिळतो. काँक्रीट वाहून नेणाऱ्या ट्रान्झिट मिक्सरमध्ये ड्रम कोणत्या दिशेने फिरतो हे ओळखणारा सेन्सर असतो : ड्रम उलटा फिरू लागला म्हणजे काँक्रीट उतरत आहे. काँक्रीट लोड केल्यापासून साधारण दोन तासांत उतरले पाहिजे, अशी तयार काँक्रीटविषयीच्या भारतीय मानक ४९२६ ची अपेक्षा असल्यामुळे मडगाव-पणजी मार्गावर वाहतूक कोंडीत अडकलेल्या मिक्सरची ही नोंद गुणवत्तेच्या दृष्टीनेही उपयोगी पडते.

याचा हिशेब कसा दिसतो ते पाहू. समजा, भाड्याच्या जेसीबीच्या लॉगशीटवर दिवसाचे ८ तास लिहिले आहेत. अहवालात चावी ८ तास १० मिनिटे, इंजिन ७ तास २० मिनिटे आणि प्रत्यक्ष काम ५ तास असे दिसते. म्हणजे २ तास २० मिनिटे यंत्र नुसते गुरगुरत उभे होते. असे उभे असताना बॅकहो लोडर ढोबळमानाने ताशी दोन-तीन लिटर डिझेल जाळतो, म्हणजे त्या एका दिवसात पाच-सहा लिटर वाया गेले. पण येथे लगेच ऑपरेटरवर ठपका ठेवू नये. त्या दिवशी टिपर वेळेवर आले होते का, मोजमाप करणारा इंजिनिअर आला होता का, हे त्याच तारखेच्या टिपरच्या अहवालाशी ताडून पाहावे. बहुतेक वेळा असे आढळते की जेसीबी टिपरची वाट पाहत उभा होता, आणि मग उपाय ऑपरेटरला दटावण्याचा नसून एक टिपर वाढवण्याचा किंवा जेसीबी उशिरा बोलावण्याचा असतो. टर्बो असलेले इंजिन बंद करण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे मंद चालू ठेवणे आवश्यक असते, तेवढा वेळ निष्क्रिय तासांत धरू नये.

भाडेकरारातही कोणते तास ग्राह्य धरायचे हे आधीच लिहावे : अवर मीटरचे, ट्रॅकरवरील इंजिनाचे, की किमान ठरलेले तास. यंत्राच्या मालकाला अहवालाची लिंक रोज पाठवली तर महिनाअखेरीचे वाद पुष्कळ कमी होतात.

टाकीतील सेन्सर

डिझेल मोजण्यासाठी बहुधा टाकीत उभी दांडी सोडतात; तिच्याभोवतीची डिझेलची पातळी बदलली की विद्युतधारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते आणि त्यावरून लिटर काढले जातात. दांडी टाकीच्या मध्यभागी असावी, कारण यंत्र उतारावर उभे राहिल्यास कडेची पातळी मोठी चढ-उतार दाखवते. टाकीच्या तळापासून थोडी जागा सोडून दांडी कापावी, नाहीतर तळाशी साचलेले पाणी आणि गाळ चुकीचे रीडिंग देतात.

कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचा आकडा प्रत्यक्ष लिटरशी जुळवणे, हा या कामाचा गाभा आहे आणि नेमका तोच टाळला जातो. यंत्र सपाट जागेवर उभे करून टाकी पूर्ण रिकामी करावी, मग मापाच्या भांड्याने १० किंवा २० लिटर डिझेल ओतावे, पातळी स्थिर होऊ द्यावी, सेन्सरचा आकडा टिपावा आणि टाकी भरेपर्यंत हेच पुन्हा करत जावे. टाकी तळाशी निमुळती किंवा कोपरे कापलेली असते, त्यामुळे टाकीची क्षमता आणि उंची यांच्या सरळ गुणोत्तराने काढलेले लिटर खरे ठरत नाहीत. विक्रेता 'आमच्याकडे या मॉडेलचा तक्ता तयार आहे' असे म्हणाला तरी आपल्या टाकीवर एकदा तो पडताळून घ्यावा.

इंजिन बंद असताना पातळी अचानक खाली आली की सूचना येते. मात्र रोज थोडे थोडे काढलेले डिझेल या सूचनेच्या मर्यादेखाली राहू शकते, आणि इंजिनाकडून टाकीत परतणाऱ्या नळीतून काढलेले डिझेल तर खर्च झाल्यासारखेच दिसते. म्हणून सूचनेवर विसंबून न राहता प्रत्येक यंत्राचा ताशी लिटर खर्च आठवड्याने पाहावा. त्याच कामावर त्याच यंत्राचा खर्च एकाएकी वाढला तर एअर फिल्टर चोंदलेला आहे का, हायड्रॉलिक तेल गळते का, हे आधी तपासावे आणि मगच इतर शंका घ्यावी.

जिओफेन्स, वेळ आणि नावे

साइटभोवतीची आभासी सीमा अगदी हद्दीवर आखू नये. ठिकाणाच्या चुकीसाठी शंभर-दीडशे मीटरचा वाव ठेवावा, नाहीतर दिवसभर खोट्या सूचना येतात आणि मग खऱ्या सूचनेकडेही कोणी पाहत नाही. खडीची खाण, काँक्रीट तयार करणारा बॅचिंग प्लांट, डिझेल पंप, आपले यार्ड आणि साइट एवढ्या सीमा सुरुवातीला पुरेशा आहेत. टिपर खाणीच्या सीमेतून बाहेर पडून साइटच्या सीमेत आला की एक ट्रिप, असा नियम लावला की खडीच्या चलनांशी रोजच्या रोज मेळ घालता येतो. पत्रादेवी, मोले आणि पोळे या राज्याच्या प्रवेशमार्गांवरही सीमा आखून ठेवावी. यंत्र न कळवता सिंधुदुर्गात किंवा कारवारकडे गेले तर कळते. इंजिन बंद असताना यंत्र हलू लागल्याची सूचना चोरीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. यंत्र ट्रेलरवर चढवून दुसऱ्या साइटला न्यायचे असेल तेव्हा सुपरवायझरने ते आधी कार्यालयाला कळवावे, म्हणजे ती सूचना आली की खरी की नेहमीची, हे ताबडतोब ठरवता येते.

सॉफ्टवेअरची घड्याळवेळ भारतीय प्रमाणवेळेवर आहे का हे पहिल्याच दिवशी पाहावे. काही प्रणाली जागतिक वेळेवर चालतात आणि मग दिवसाचा अहवाल पहाटे साडेपाचपासून सुरू होतो. भारतीय वेळेवरही रात्री स्लॅब ओतण्याचे काम असेल तर मध्यरात्रीमुळे त्याचे तास दोन तारखांत विभागले जातात.

यंत्रांची नावे साइटवर जशी घेतली जातात तशीच प्रणालीत भरावीत. 'फोंड्याचा मोठा पोकलेन' असे सगळे म्हणत असतील तर चॅसिस क्रमांकाने नोंद करून कोणालाच बोध होत नाही.

व्हायब्रेटर, ब्रेकर, कटर, प्लेट कॉम्पॅक्टर अशा लहान अवजारांना स्वतंत्र जीपीएस परवडत नाही. त्यांच्यावर क्यूआर कोड किंवा ब्लूटूथ टॅग लावून स्टोअरमधून कोणी, कोणत्या साइटसाठी नेले याची मोबाइलवर नोंद ठेवावी. जनसेटसाठी मात्र स्वतःच्या बॅटरीवर चालणारा ट्रॅकर घ्यावा.

ऑपरेटरला आधी सांगावे

उपकरण लपवून बसवणे मला मान्य नाही. गोव्यातील साइटवर ऑपरेटर आणि हेल्पर झारखंड, ओडिशा, बिहार, कर्नाटक अशा निरनिराळ्या राज्यांतून आलेले असतात. त्यांना त्यांच्या भाषेत, निदान हिंदीत, काय मोजले जाते आणि ते कोण पाहणार आहे हे समजावून सांगावे. व्यक्तीची माहिती जमा करताना तिला त्याची कल्पना देण्याचे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही आहे. गाडी ऑपरेटर मुक्कामी घेऊन जात असेल तर कामाच्या वेळेबाहेरचा त्याचा माग ठेवू नये. चांगल्या ऑपरेटरला ही नोंद फायद्याचीच ठरते : जादा तास केले की ते नाकारता येत नाहीत, आणि डिझेलबाबतचा खोटा आरोप आकड्यांनी पुसता येतो. बचतीतला काही वाटा बक्षीस म्हणून दिला तर उपकरणाची तार 'आपोआप' तुटण्याचे प्रकारही थांबतात.

रोजचे आणि ऋतूचे काम

रोज सकाळी एका ठरावीक माणसाने आदल्या दिवशीचा अहवाल, लॉगशीट आणि डिझेलची पावती शेजारी ठेवून पंधरा-वीस मिनिटे मेळ घालावा. जिथे फरक दिसेल तिथे त्याच दिवशी साइटवर फोन करावा. आठवड्यानंतर कोणालाच काही आठवत नाही. ट्रॅकरचे तास अवर मीटरशी जुळत आहेत याची खात्री महिन्यातून एकदा करावी. हे तास सर्व्हिसिंगला जोडले की २५० किंवा ५०० तासांची तेलबदली चुकत नाही, आणि माझ्या मते केवळ एवढ्या एका उपयोगासाठीसुद्धा ही व्यवस्था ठेवण्यासारखी आहे.

जून ते सप्टेंबर मातीची कामे थांबतात आणि यंत्रे यार्डात उभी राहतात. या काळात उपकरण कमी विजेवर ठेवावे, पंधरवड्याने यंत्र सुरू करून बॅटरी भरावी, आणि ते सुरू केल्याची नोंद ट्रॅकरवर दिसते का ते पाहावे. ऑक्टोबरमध्ये हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक उपकरणाचे जोड उघडून तपासावेत आणि डिझेल सेन्सरचे रीडिंग एका मापाच्या भरणीने पडताळावे.

यंत्र विकताना उपकरण काढून घ्यावे, सिम बंद करावे किंवा दुसऱ्या यंत्राला द्यावे, आणि प्रणालीतील त्या यंत्राच्या नोंदी डाउनलोड करून जपाव्यात. तासांची आणि सर्व्हिसिंगची अखंड नोंद दाखवता आली तर खरेदीदाराला अवर मीटरच्या आकड्याची खात्री पटते आणि किंमत ठरवताना आपली बाजू भक्कम होते. नव्या मालकाने उपकरणासकट यंत्र मागितले तर खाते त्याच्या नावावर बदलून दिल्याचा लेखी पुरावा उपकरणाच्या विक्रेत्याकडून घ्यावा आणि आपला प्रवेश बंद झाल्याची स्वतः लॉग इन करून खात्री करावी.